ओल्या कातळावरचे टायर

लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा घरात दोन खोल्या होत्या आणि आम्ही सहा माणसं. सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, नवरा आणि मी. कुणी वाईट नव्हतं. जाऊबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात कपाटातला आपला एक कप्पा मला रिकामा करून दिला. पण आमचं अंथरूण स्वयंपाकघरात पडायचं आणि सासऱ्यांना पहाटे चहा लागायचा, म्हणून सगळ्यांत आधी ते गुंडाळावं लागायचं. नवऱ्याला मी सगळ्यांसमोर "अहो" म्हणायचे. सगळ्यांसमोर म्हणजे कायमच, कारण सगळे कायमच समोर असायचे.

तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. लग्नानंतर वर्षभरात त्याची बदली वेल्हे तालुक्यात झाली, गुंजवण्याच्या बाजूला डोंगराच्या पोटातल्या एका वाडीवर. बातमी ऐकून सासूबाई रडल्या. भोरहून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं ते अंतर नव्हतं. वाडीत एका म्हाताऱ्या जोडप्यानं घराला लागून असलेली धान्याची खोली त्याला राहायला दिली. मी ती पहिल्यांदा पाहिली दिवाळीनंतर. एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, जमीन शेणानं सारवलेली. खिडकीतून कापणीला आलेली भाताची खाचरं दिसत होती आणि त्यांच्या डोक्यावर राजगड. मी आत गेले, त्यानं दार लोटलं आणि आम्ही दोघं नुसते उभे राहिलो. बाहेर कुणी खाकरलं नाही, कुणी हाक मारली नाही.

"बस ना," तो म्हणाला.

"तूच बस," मी म्हणाले. तोंडातून "तू" निघून गेलं म्हणून आधी मी दचकले, मग दोघंही हसलो.

तेव्हापासून भोरला "अहो" आणि वाडीवर "तू" असं ठरून गेलं. कुणी ठरवलं नाही, पण वाडीची शीव ओलांडली की माझी भाषा बदलायची.

मी भोरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तेव्हाही होते. शनिवारी दुपारी सुटायचे. उघडिपीच्या दिवसांत एसटीनं नसरापूर, तिथून वेल्ह्याच्या गाडीनं मार्गासनी, आणि तिथं तो मोटारसायकल घेऊन उभा असायचा. पावसाळ्यात मात्र सगळं अडायचं. वाडीखालच्या नव्या धरणाचं पाणी चढलं की वाडीचा जुना रस्ता पाण्याखाली जायचा. नवा रस्ता वरच्या अंगानं काढायचं काम चाललं होतं, म्हणजे डोंगर कापून ठेवला होता आणि त्याचा चिखल झाला होता. त्यात मोटारसायकल रुतायची. उरायची ती खिंडीतून जाणारी जुनी बैलगाडीची वाट. चालत गेलं तर पोचेपर्यंत अंधार पडायचा आणि उजाडताच परतायचे वेध लागायचे.

तो चालत खाली उतरून भोरला येऊ शकला असता. यायचाही कधी कधी. पण खरं सांगायचं तर त्यानं भोरला यावं असं मला वाटतच नव्हतं. मला तिथं जायचं होतं.

मोठ्या दिरांनी व्यायामासाठी घेतलेली गिअरची सायकल जिन्याखाली उभी होती. व्यायाम केव्हाच बंद पडला होता आणि हँडलवर ओले टॉवेल वाळत होते. माझं माहेर किकवीचं. हायवेच्या कडेकडेनं सायकल मारत मी शाळा शिकले, त्यामुळं सायकलची भीती नव्हती. एका संध्याकाळी धीर करून मी दिरांना विचारलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"न्या की. टॉवेलांची तेवढी दुसरीकडं सोय करा."

एका ओळखीच्या टेम्पोतून सायकल मार्गासनीला गेली. तिथल्या चहाच्या हॉटेलच्या मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. त्यांनी सायकलला वळसा घालून पाहिलं.

"ही कशापायी आनलीस?"

"खिंडीतनं वाडीवर जायला, काकू."

"बया! बाईमानूस सायकलीवर खिंडीत?" मग माझ्याकडं बघून त्यांचा चेहरा बदलला. "नवऱ्याकडं निघालीस व्हय गं? ठेव हितं भिताडाला. कोन न्हाई हात लावत."

पहिल्या खेपेला मी उत्साहात निघाले. डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं छान होतं. खिंडीची चढण सायकल ढकलत चढले. पलीकडं उतार लागला आणि उताराच्या मध्यावर कातळ आला. अंगणाएवढा काळा, सपाट, थोडा खाली कललेला दगड. त्यावरून पाण्याचा पापुद्रा वाहत होता, आणि कडेला शेवाळ. मी ब्रेक दाबला. पुढचं चाक माझ्याखालून कुणी ओढून घ्यावं तसं गेलं. काही कळायच्या आत मी कातळावर आडवी होते, सायकल खाली करवंदीच्या जाळीत आणि सासूबाईंनी दिलेल्या अळूवड्या वाटभर.

वाडीवर पोचले तेव्हा तो शाळेच्या पडवीत उभा होता. माझं कोपर बघून त्याचा चेहरा उतरला.

"पुन्हा सायकलवर यायचं नाही," मोरीपाशी बसवून जखम धुताना तो म्हणाला.

"मग चालत येऊ? येणं आणि जाणं एवढंच होईल."

"पावसाळाभर नाही आलीस तरी चालेल."

"चालेल?"

तांब्यातलं पाणी संपलं होतं तरी त्यानं तांब्या तसाच तिरका धरून ठेवला. "नाही चालणार," शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सायकल उलटी करून पाहिली. टायरवरून अंगठा फिरवला. "हे बघ. पोरांच्या खोडरबरासारखा गुळगुळीत झालाय. हा शहरातल्या डांबरी रस्त्याचा टायर आहे. याला कातळ कुठून माहीत असणार?"

तिथून आमचं टायरपुराण सुरू झालं.

भोरला एसटी स्टँडच्या मागं सायकलचं दुकान आहे. मालक माझ्याच वयाचे, मुसलमान, वडिलांनंतर दुकानावर बसलेले. मी त्यांना भाईजान म्हणते, ते मला ताई. मी त्यांना वाट सांगितली. ते म्हणाले, "ताई, डोंगर म्हटला की जाडजूड पायजे. बटणाचे टायर बसवू." टायरवर रबराचे जे उंचवटे असतात त्यांना ते बटणं म्हणायचे. त्यांनी बसवून दिलेले टायर असे होते की ट्रॅक्टरलाही लाज वाटावी. रुंद, आणि बटणं एकमेकांना चिकटून.

त्या शनिवारी खिंड चढायच्या आधीच, नव्या रस्त्याच्या कामापाशी, चाक फिरायचं थांबलं. तिथली माती पिवळसर आणि चिकट. दोन बटणांच्या मधे माती बसली, तिच्यावर माती बसली, आणि बघता बघता चाकाचा पुरणासारखा गोळा झाला. काडीनं खरवडलं, चार पावलं गेलं की पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. पोचल्यावर तो विचारतो, "आज पडली नाहीस ना?"

"पडायला बसले कुठं होते? आज सायकल माझ्यावर बसून आली."

सोमवारी मी दुकानात हजर. भाईजाननी टायरमधली वाळलेली माती नखानं काढून चुरगाळली.

"ही तर कुंभाराची माती आहे ताई."

"तुम्हीच म्हणालात जाड घ्या."

"म्हणालो खरं. पण मी तरी कुठं पावसात वेल्ह्याला गेलोय?"

मग आम्ही दोघं शिकायला बसलो. दुकानाच्या बाकावर बसून मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहायचे. ते लोक उंच झाडांच्या जंगलातून, पाचोळ्यावरून आणि मुळांवरून सुसाट जायचे आणि कोणता टायर चांगला ते सांगायचे. त्यांच्या चिखलात पानं होती. आमच्या चिखलात भाताची माती, गुरांचं शेण आणि वर कातळ. त्यांचं ऐकून, त्यातलं आपल्याला काय लागू आहे ते ताडून पाहायचं. हळूहळू काही गोष्टी ध्यानात आल्या. चिखलाला बटणं उंच आणि लांब लांब हवीत, म्हणजे चाक फिरताना माती मधून सुटून उडते. टायर फार रुंदही नको. थोडा अरुंद असला की वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जातो. पण कातळावर हाच टायर दगा देतो. उंच बटणं दगडावर वाकतात आणि वाकली की घसरतात. ओल्या दगडाला बटणं नाही, मऊ रबर हवं. आणि हवा कमी, म्हणजे टायर दगडावर थोडा पसरतो.

"म्हणजे एकाच वाटेला दोन टायर पायजेत," भाईजान म्हणाले.

"दोन चाकं आहेतच की."

ते हसले. पण खरंच तसंच ठरलं. चाक घसरून माणूस पडतो तो पुढच्या चाकामुळं, म्हणून पुढं मऊ रबराचा, मध्यम उंचीच्या सुट्या बटणांचा. मागचा चिखलाचा, जरा अरुंद. भोरात असं काही मिळत नव्हतं. भाईजाननी पुण्याला सांगून ठेवलं.

ते टायर यायला बराच वेळ लागला. त्यातले शनिवार मला अजून आठवतात. दुपारी प्रयोगशाळेतल्या नळ्या धुऊन ठेवायच्या, ओढणीला हात पुसायचे, आणि मग काही नाही. वाडीवर मोबाईलला रेंज फक्त शाळेमागच्या एका टेकाडावर यायची. संध्याकाळी तो छत्री घेऊन तिथं चढायचा आणि फोन करायचा. फोनमध्ये त्याच्यापेक्षा पाऊसच जास्त ऐकू यायचा. तो काहीबाही बोलत असायचा. खिडकीत काजवे आले होते म्हणायचा, चुलीवरचा भात लागला म्हणायचा, आणि मग आवाज खाली आणून आणखी काही. इकडं माझ्यामागं सासरे बातम्या बघत असायचे, जाऊबाई भाजी निवडत असायच्या.

"अहो, जेवलात का?" मी विचारायचे.

"तू ये ना," तो म्हणायचा.

"हो, बरं. तब्येतीला जपा."

एवढंच. फोन ठेवल्यावर कुणी विचारायचं, काय म्हणतोय? मी म्हणायचे, पाऊस आहे म्हणतात.

टायर आले त्या दिवशी भाईजाननी बसवून दिले आणि म्हणाले, आधी बघून घेऊ. आम्ही नीरेच्या घाटावर गेलो. तिथल्या दगडांवर शेवाळ होतं. बायका धुणं धूत होत्या. मी सायकलवर बसले आणि उतरत्या फरसावरून सोडली. पुढचं चाक सरकलं. भाईजाननी थोडी हवा सोडली, अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुन्हा गेले, पुन्हा सरकलं, पण कमी. आणखी हवा सोडली. पिकत आलेल्या पेरूइतका टायर मऊ झाला तेव्हा चाकानं दगड धरला. मी थांबले ती दगडाच्या मधोमध, जिथं थांबायचं मनात होतं तिथंच.

"आता घसरत न्हाई की गं!" धुणं आपटायचं थांबवून एक बाई ओरडली. मला इतका आनंद झाला की मी तिच्याकडं बघून हात हलवला.

त्या शनिवारी निघताना डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई एकट्याच होत्या. डब्याबरोबर त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेली एक गोधडी पुढं केली.

"तिकडं अंथरूण दमट राहत असंल."

"आहे तिथं एक."

"एक त्याची झाली." त्या शेगडीकडं वळून दूध पाहू लागल्या, जे अजून तापलंही नव्हतं. "माझा संसार या दोन खोल्यांत गेला. सासू होती, दोन नणंदा होत्या. आमच्या वेळी कुणाची बदली झाली नाही कुठं. जा, गाडी चुकंल."

मी वाकून नमस्कार केला. का केला ते त्यांनी विचारलं नाही.

मग तीन पावसाळे मी त्या वाटेनं गेले. चिखलात मागचं चाक माती उडवत जायचं, माझ्या पाठीवर पिवळ्या मातीची रांगोळी व्हायची. कातळापाशी मात्र मी उतरायचे. टायर चांगले होते, घाटावर पाहिलं होतं, पण पहिली आपटी अंगात बसली होती. सायकल धरून, कडेकडेनं, झुडपं पकडत मी तो कातळ उतरायचे.

वाडीवर म्हातारी घरमालकीण ओट्यावरूनच ओरडायची, "आलीस व्हय पोरी? म्या म्हनलं, आज काय येत न्हाई ही." कधी तिच्याकडून कुरडूची भाजी यायची, कधी म्हाताऱ्यानं ओढ्यात धरलेले खेकडे. तो सायकल धुवायचा. एकदा हवा फारच कमी ठेवली म्हणून ट्यूब दगड आणि रिंगच्या मधे चिमटून फुटली. पंक्चर काढायला आम्ही दोघं खोलीत बसलो. टायर रिंगवरून काढायला हत्यार नव्हतं, मग जेवायचे दोन चमचे घेतले. तो एका बाजूनं चमचा घालून दाबायचा, मी दुसऱ्या बाजूनं. चमचे वाकले. टायर निघाला तेव्हा तो मागं कलंडला आणि तसाच पडून हसत राहिला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. मी ते ओढणीनं पुसलं आणि पुसून झाल्यावरही हात तिथंच ठेवला. बाहेर दुपार होती. दार उघडंच होतं आणि उघडं असलं तरी काही बिघडत नव्हतं.

तिसऱ्या पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, मला प्रयोगशाळेत फोन आला. वाडीतला एक माणूस, पावसात टेकाडावर रेंज लागेना म्हणून, गुंजवण्याला उतरून तिथून बोलत होता.

"म्याडम, गुरुजींना ताप हाय. लई. उटत न्हाईत."

घरी आले तर दीर निघायच्या तयारीत होते. "मी जातो. मोटारसायकल जाईल तिथवर नेतो, पुढं चालत."

"माझी सायकल मार्गासनीला आहे. मी लवकर पोचेन," मी म्हणाले.

"या पावसात?"

"तिला जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. दिरांनी मला डॉक्टरांकडं नेलं, औषधं घेऊन दिली आणि थेट मार्गासनीला सोडलं.

त्या दिवशीचा पाऊस आडवा होता. खिंडीत पुढचं झाड दिसत नव्हतं. कातळावर नेहमीचा पापुद्रा नव्हता, घोट्याएवढं पाणी लोटत होतं, आणि कडेच्या ज्या झुडपांना धरून मी उतरायचे ती पाण्यात लोळत होती. पायानं उतरले असते तर पाय टिकला नसता, हे दिसतच होतं. थांबायचं तर किती वेळ? मी कातळाच्या वरच ब्रेक दाबून वेग अगदी कमी केला. मग ब्रेक सोडले, हँडल सरळ धरलं आणि चाकं सोडून दिली. ओल्या दगडावर ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही, हे मला आता ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. पुढचं चाक एकदा कणभर हललं. मग त्यानं दगड धरला. ते धरणं मला हातात कळलं, हँडलमधून. दुसऱ्या बाजूच्या मुरुमावर चाक चढलं तेव्हा मी रडत होते, आणि पावसात ते मलाही नीट कळत नव्हतं.

तो खोलीत पडून होता. म्हातारी त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. मला बघून तो म्हणाला, "आज शनिवार आहे?"

"नाही."

"मग कशी आलीस?"

"सायकलवर."

त्यानं डोळे मिटले. माझं बोट धरून ठेवलं.

औषधानं ताप उतरायला लागला, पण अशक्तपणा होता. मी कॉलेजला कळवलं आणि राहिले. तिथं सलग इतके दिवस मी पहिल्यांदाच राहत होते. सकाळी शाळेतली मुलं दारात येऊन उभी राहायची, गुरुजी कसे आहेत बघायला. एकदा मी त्यांना ओट्यावर बसवलं. म्हातारीच्या जास्वंदीची फुलं गरम पाण्यात चुरडली, त्या रंगात लिंबू पिळलं तर तो लालभडक झाला, साबणाचं पाणी टाकलं तर हिरवा. मुलं किंचाळली. खिडकीतून तो आतून बघत होता, भिंतीला टेकून, गोधडी खांद्यावर घेऊन. मी पेज करायचे, तो प्यायचा. मी त्याचे केस विंचरायचे. तो बरा होत होता, आणि माझ्या मनात कुठंतरी येत होतं की जरा सावकाश व्हावा.

तो बरा झाला. मी परत आले.

पुढच्या वर्षी वाडी उठली. उठणार हे आधीपासून ठाऊक होतं. धरणात गेलेल्या जमिनींच्या बदल्यात लांब, कालव्याच्या मुलखात जमिनी मिळाल्या होत्या. एकेक घर जाऊ लागलं. शाळेतली मुलं कमी होत होत एवढी उरली की शाळा बंद झाली, आणि त्याची बदली किकवीजवळच्या शाळेत झाली, माझ्या माहेराशेजारी. घरी पेढे वाटले गेले. सगळे म्हणाले, सुटलात बाबा.

सामान आणायला आम्ही दोघं गेलो, त्या दिवशी म्हातारा-म्हातारीचंही घर हलत होतं. छपराची कौलं, वासे, दारं, सगळं उतरवून टेम्पोत भरत होते. खोलीचंही छप्पर उतरलं होतं. आत ऊन पडलं होतं. सारवलेल्या जमिनीवर, जिथं आमचं अंथरूण असायचं, तिथं उन्हाचा चौकोन. म्हातारी टेम्पोत पुढं बसली. मी तिचे हात धरले.

"तिकडं पाऊस न्हाई म्हनत्यात," ती म्हणाली. "पानी कॅनॉलचं. आभाळ कोरडंच." मग माझ्या गालावरून हात फिरवला. "तुमी दोगं लई ग्वाड राह्यलात हितं."

आता आमचा भोरात फ्लॅट आहे. दोन खोल्या आणि हॉल, आणि सगळीकडं दारं. मुलगी शाळेत जाते. सासू-सासरे आलटून पालटून दोन्ही मुलांकडं असतात. तो रोज संध्याकाळी घरी येतो. शाळेची कामं मोबाईलवर आणतो, मीही दमलेली असते. आमचं भांडण नाही. मुलीसमोर, सासूबाईंसमोर मी "अहो" म्हणते, आणि कुणी नसलं तरी आता "अहो"च निघतं. एकदा मुद्दाम "तू" म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "काय झालं?"

मागच्या श्रावणात मी सायकल काढली. इथल्याही जिन्याखालीच ती उभी होती. भाईजाननी टायर दाबून पाहिले आणि मान हलवली. मऊ रबर कडक झालं होतं, बारीक भेगा पडल्या होत्या. आता त्यांच्या दुकानात निवडायला टायर असतात, पुण्याहून सायकलवाले येतात त्यांच्यामुळं. त्यांनी तीन-चार काढून समोर मांडले.

"कुठं जायचंय ताई?"

"तिथंच."

"तिथं आता कोण आहे?"

मी एकेका टायरचं रबर नखानं दाबून पाहिलं, बटणांमधली जागा बोटानं मोजली. पुढचा निवडायला मला खूप वेळ लागला. इतका वेळ खरं तर लागायचं काही कारण नव्हतं.

नवऱ्याला विचारलं, येता का? तो म्हणाला, "तू जाऊन ये." रविवारी टेम्पोतून सायकल मार्गासनीला नेली. काकू आता नाहीत, त्यांची सून हॉटेल चालवते. मला ती ओळखत नव्हती.

वरचा रस्ता आता झकास डांबरी झालाय. मी मात्र खिंडीनंच गेले. वाट बुजत आलीय, गवत हँडलला लागत होतं. कातळ होता तसाच होता. मी ब्रेक सोडून उतरले, चाकानं धरलं. खाली पोचले तर पुढं पाणी. वाडीची खाचरं पायऱ्यांसारखी पाण्यात उतरत गेली होती. घरांच्या जागी मातीचे ढीग आणि त्यांवर घाणेरीची झुडपं. आमची खोली कोणता ढीग, ते मला नक्की सांगता येईना. मी दोन ढिगांच्या मधे बराच वेळ बसले. कधी एकाकडं बघायचे, कधी दुसऱ्याकडं. मला तिथं राहायला जायचं नव्हतं. मला फक्त एकदा, भिजून, चिखलानं माखून, कुणाच्या तरी दारात पोचायचं होतं, आणि दारातल्या माणसानं दचकून म्हणायला हवं होतं, "कशी आलीस?" ते दार कुठंच नव्हतं.

परत मार्गासनीला आले तर हॉटेलच्या वळचणीला मोटारसायकल लावलेली दिसली. रेनकोट घालून तो बाकावर बसला होता. समोर चहा, प्यायलेला नव्हता.

"अहो, तुम्ही इथं?"

"आलो." तो उठला, माझ्या हातातून सायकल घेतली, भिंतीला लावली. मग विचारलं, "भिंती आहेत का?"

"नाहीत."

"मला वाटलंच होतं." तो पुन्हा बसला. "म्हणून वर नाही आलो. मला बघवलं नसतं."

मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, तो विसरला.

आम्ही चहा घेतला. पाऊस जरा उणावला तेव्हा त्यानं विचारलं, सायकल टेम्पोत टाकायची का. मी म्हणाले, नसरापूरपर्यंत जाते अशीच. तो मोटारसायकल काढून माझ्या मागं राहिला. पुढं जा म्हटलं तर गेला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लावणी चालली होती, इरली घेतलेल्या बायका वाकल्या होत्या. एकीनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं, पुढं सायकलवर बाई आणि मागं तेवढ्याच वेगानं मोटारसायकल, आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. मागून त्याच्या गाडीचा आवाज येत होता, कमी-जास्त न होता, वळणावळणाला माझ्याबरोबर.